भाषा, संगीत आणि तत्त्वज्ञान: नाशिकच्या विद्यार्थ्याने पदवीसाठी काय निवडावे?

भाषा, संगीत आणि तत्त्वज्ञान या तिन्ही विषयांची ओढ असलेला विद्यार्थी पदवीचा अर्ज भरायला बसतो, तेव्हा घरातून पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा. तो रास्तच आहे आणि त्याचा विचार पुढे केला आहे. त्याआधी मात्र एक गोष्ट तपासून घ्यावी असे मला वाटते. या विषयांतील काय काय विद्यापीठाच्या वर्गातच मिळते आणि काय काय नाशिकमध्ये राहून वर्गाबाहेरही तितक्याच चांगल्या रीतीने मिळवता येते? मी मराठी साहित्यात पदव्युत्तर शिक्षण घेतले, त्याच वर्षांत गुरूंकडे गाणे शिकले आणि तत्त्वज्ञान मात्र पुढे नोकरी करता करता एकटीने वाचले. तिन्ही वाटा थोड्याफार चालून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की, जो विषय एकट्याने शिकायला सर्वांत अवघड, त्याला पदवीची वर्षे द्यावीत आणि उरलेल्या दोघांची सोय बाहेर लावावी.

अशी सोय लावणे आज पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आखलेल्या पदवीत एक मुख्य विषय असतो आणि त्याच्या जोडीला दुसरा गौण विषय घेता येतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी मिळवता येते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास मुभा दिली. त्यामुळे एक पदवी नियमित महाविद्यालयातून आणि दुसरी दूरस्थ पद्धतीने घेता येते. 1989 साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच, गंगापूर धरणाच्या परिसरात असल्यामुळे येथील विद्यार्थ्याला ही दुसरी वाट घराजवळच आहे.

संगीत

तिघांपैकी संगीताचा निर्णय सर्वांत आधी होतो. खरे तर तो बारावीच्या पुष्कळ आधी झालेला असावा लागतो. पदवीच्या प्रथम वर्षात बसून 'सा' लावायला शिकणे शक्य नाही असे नाही, परंतु विद्यापीठाचा संगीत अभ्यासक्रम गळा किंवा हात थोडा तयार आहे असे गृहीत धरूनच आखलेला असतो. याचा हिशेब साधा आहे. श्रेयांक पद्धतीत प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे 30 तास. चार श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाचे एका सत्रात 120 तास होतात. रोज दोन तास रियाज करणाऱ्याचे सहा महिन्यांत 360 तास होतात. म्हणजे विद्यापीठात प्रवेश घेतला तरी गाणे घडते ते मुख्यतः घरी आणि गुरूंसमोर.

महाराष्ट्रात विद्यापीठाबाहेरची व्यवस्थाही भक्कम आहे आणि तिचा नाशिकशी जवळचा संबंध आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभा केला. त्यांच्या निधनानंतर 1931 साली शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही गावोगावची मुले देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी ही चढण आहे. बाराव्या वर्षी प्रारंभिक दिलेली मुलगी नियमित शिकत राहिली, तर पदवी हातात येईतो विशारदपर्यंत पोहोचू शकते आणि त्यासाठी तिला महाविद्यालयात संगीत हाच मुख्य विषय घ्यावा लागत नाही. मात्र विशारद आणि विद्यापीठाची पदवी यांची समकक्षता प्रत्येक ठिकाणी गृहीत धरू नये. केंद्रीय विद्यालयांतील संगीत शिक्षकाच्या पदासाठी संगीतातील पदवी मागितली जाते. तेव्हा शिक्षकी पेशाचा विचार असेल तर त्या त्या जाहिरातीतील पात्रतेची ओळ शब्दशः वाचावी.

मग विद्यापीठात संगीत घ्यावे तरी कोणी? माझ्या मते दोघांनी. एक, ज्याला सादरीकरण हेच आयुष्याचे काम करायचे आहे आणि ज्याच्या गुरूंनी त्याला तशी संमती दिली आहे. अशा विद्यार्थ्यासाठी पुणे विद्यापीठातील 1987 साली सुरू झालेले ललित कला केंद्र हे जवळचे आणि चांगले ठिकाण आहे. तेथील अध्यापन गुरुकुल पद्धतीचे आहे आणि तेथे संगीत, नृत्य व नाट्य एकाच छताखाली शिकवले जात असल्यामुळे कलाकारांचा सहवास आपोआप मिळतो. दुसरा, ज्याला संगीतशास्त्रात संशोधन करायचे आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' सात अध्यायांचा आणि संस्कृतात आहे. तो मुळातून वाचू शकणारा गायक आणि तो गाऊन समजू शकणारा संस्कृतज्ञ, दोघेही आज दुर्मीळ आहेत. बाकीच्यांनी गुरू सोडू नये, पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेपासून लहानशा घरगुती बैठकीपर्यंत जिथे जिथे ऐकता येईल तिथे जाऊन ऐकावे आणि महाविद्यालयात दुसरा विषय घ्यावा.

भाषा

भाषा म्हटले की त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. परकी भाषा शिकणे ही एक गोष्ट आहे आणि भाषेचा अभ्यास करणे ही दुसरी.

परक्या भाषेबद्दल थोडक्यात सांगता येते. जर्मन किंवा फ्रेंच येते की नाही, हे ठरवणारी मोजपट्टी विद्यापीठाच्या पदवीवर अवलंबून नाही. युरोपात ती ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा पातळ्यांची आहे, तर जपानीसाठी एन-5 पासून एन-1 पर्यंतच्या परीक्षा आहेत. कारखाना किंवा परदेशी विद्यापीठ हीच पातळी विचारते. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि तेथील प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम इतर पदवीबरोबरही करता येतात. नाशिकमध्ये या भाषांना प्रत्यक्ष आधारही आहे. सातपूरच्या बॉशमुळे जर्मन हे नाव येथे परके राहिलेले नाही, आणि ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मिगपासून सुखोई-30 पर्यंत रशियन बनावटीची विमाने बांधली गेल्यामुळे तांत्रिक रशियनचा संबंध या जिल्ह्याशी अनेक दशके आला आहे. साहित्याचा प्राध्यापक किंवा पूर्णवेळ अनुवादक होण्याची इच्छा नसेल, तर परकी भाषा पदवीच्या शेजारी शिकणे अधिक शहाणपणाचे.

मराठी, संस्कृत, पाली, प्राकृत किंवा भाषाशास्त्र यांची गोष्ट वेगळी आहे. 'मराठी तर येतेच, मग ती शिकायला तीन वर्षे कशाला?' हा प्रश्न मला प्रवेशाच्या दिवशी एका नातेवाइकांनी विचारला होता आणि तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. उत्तर मला पुढे त्रिरश्मी लेण्यांत, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो तेथे, मिळाले. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या प्राकृत शिलालेखात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'खखरातवसनिरवसेसकर' म्हटले आहे. क्षहरात वंश निःशेष करणारा असा त्याचा अर्थ. 'क्षहरात'चा 'खखरात' कसा झाला हे ज्याने वर्गात शिकून घेतले आहे, त्याला 'रक्ष्' पासून आलेले आपले 'राखणे' त्याच नियमात बसलेले दिसते. नाशिकजवळच्या डोंगरात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरलेले अक्षर आणि आपण रोज उच्चारतो तो शब्द एका धाग्यात येतात. वाचता येणे आणि असे दिसणे यांत जे अंतर आहे, ते पार करायला शिक्षक लागतो.

जिवंत बोलींच्या बाबतीत तर नाशिकचा विद्यार्थी भाग्यवान आहे. सटाणा आणि मालेगावच्या बाजूला अहिराणी बोलली जाते, सुरगाणा आणि पेठ भागांत कोकणा व वारली. 'तू काय करी राहिना?' या अहिराणी वाक्यात 'राहणे' हे क्रियापद सहायक म्हणून जे काम करते, ते प्रमाण मराठीतील 'करतो आहेस' पेक्षा गुजराती आणि हिंदी यांच्या रचनेला जवळचे आहे. वर्गमित्रांच्या घरी बोलली जाणारी भाषा अशी अभ्यासाचा विषय होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये भाषाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि मराठीच्या बोलींचे सर्वेक्षणही त्याच संस्थेने हाती घेतले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला, तसेच पाली व प्राकृत यांनाही, अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्यामुळे हस्तलिखिते, शिलालेख आणि बोली यांवरील कामाला बळ मिळावे अशी अपेक्षा आहे, पण दर्जा मिळाला म्हणून नोकऱ्या वाढतील असे समजून कोणी प्रवेश घेऊ नये.

शिकायचे कोठे, हा प्रश्न येथे अवघड नाही. 1924 साली सुरू झालेल्या आणि कुसुमाग्रजांसारखा विद्यार्थी लाभलेल्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयापासून के. टी. एच. एम. महाविद्यालयापर्यंत शहरात कला शाखेची जुनी महाविद्यालये आहेत, संस्कृतसाठी केंद्रीय संस्कृत विद्यापीठाचा नाशिक परिसर आहे, आणि 1840 पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे.

तत्त्वज्ञान

पुस्तके सहज मिळतात, वाद्य लागत नाही आणि प्रयोगशाळाही लागत नाही. त्यामुळे तत्त्वज्ञान घरी वाचून होईल असा समज असतो. माझाही होता. कांटवरील एका मराठी विवेचनात 'अनुभवपूर्व ज्ञान' हा शब्द आला आणि मी त्याचा अर्थ 'अनुभव येण्याच्या आधी, म्हणजे काळाच्या दृष्टीने आधी, मनात असलेले ज्ञान' असा घेतला. ज्या ज्ञानाचे समर्थन अनुभवावर अवलंबून नाही ते, हा खरा मुद्दा होता आणि त्यात काळाचा संबंध नव्हता. या चुकीच्या अर्थावर मी कित्येक महिने पुढची पाने रचत गेले, टिपणेही काढली. वर्गात असते तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हात वर करून मला अडवले असते. गाण्यात बेसूर लागला तर तानपुरा सांगतो, परक्या भाषेत चुकले तर समोरच्याला कळत नाही. तत्त्वज्ञानात चुकीचा अर्थही आपल्याजागी सुसंगत वाटत राहतो. या एका कारणासाठी मी या विषयाला पदवीच्या जागेवरचा पहिला हक्क देते.

भारतीय परंपरेने हे फार आधी ओळखले होते. न्यायदर्शनातील अनुमान दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडायचे तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच अंगे लागतात, कारण समोर प्रतिपक्ष आहे हे तेथे गृहीतच असते. चार्वाक एकच प्रमाण, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाचे साधन, मानतात, बौद्ध दोन, सांख्य तीन, नैयायिक चार, आणि भाट्ट मीमांसक व अद्वैती सहा. हा तक्ता पाठ करणे म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे. वर्गातील एकाने चार्वाकाची बाजू घेऊन बाकीच्यांचे अनुमान खोडून काढायचे आणि इतरांनी ते वाचवायचे, हे शिक्षण.

अडचण अशी की तत्त्वज्ञान मुख्य विषय म्हणून सगळीकडे नसते, आणि जेथे असते तेथे विद्यार्थी थोडे असतात. म्हणून नाशिकबाहेर पाहण्याची तयारी ठेवावी. पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे विभाग आहेत. खानदेशात अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, जेथे साने गुरुजींनीही काही काळ अध्ययन केले. आज ते प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ओळखले जाते. मराठीतून शिकणाऱ्याने परिभाषेसाठी दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश जवळ ठेवावा, आणि संस्कृत किंवा जर्मन यांपैकी एक भाषा शेजारी सुरू करावी. अनुवादाने माझी जी फसगत झाली तिच्यावर तोच उपाय आहे.

पोटापाण्याचा प्रश्न

तिन्ही विषयांत प्राध्यापकीची वाट नेट किंवा सेट परीक्षेतून जाते. नेटमध्ये 300 गुणांच्या 150 प्रश्नांसाठी तीन तास मिळतात. वरच्या गुणांवर कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा 37,000 रुपयांची तरतूद आहे. कायम जागा मात्र तिन्हींत कमी निघतात, हे पालकांना आधीच सांगावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान आणि मराठी साहित्य हे दोन्ही 500 गुणांचे वैकल्पिक विषय म्हणून घेता येतात, संगीत घेता येत नाही. शिवाय 250 गुणांची नीतिशास्त्राची प्रश्नपत्रिका सर्वांनाच असते, जेथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला शब्द शोधावे लागत नाहीत. परकी भाषा उत्पन्न सर्वांत लवकर देते. संगीतात शिकवण्या लवकर सुरू होतात, पण उत्पन्न स्थिर व्हायला वर्षे जातात. मराठी उत्तम लिहिता येणाऱ्याला प्रकाशन, अनुवाद, वृत्तपत्र आणि शासकीय भाषाविषयक काम अशा अनेक ठिकाणी थोडी थोडी जागा असते.

माझ्यासमोर आज तिन्ही आवडणारा आणि अजून संगीताची एकही परीक्षा न दिलेला नाशिकचा विद्यार्थी बसला, तर मी त्याला तत्त्वज्ञान मुख्य आणि संस्कृत किंवा मराठी गौण विषय सुचवीन, आणि गाणे याच आठवड्यात एखाद्या गुरूंकडे सुरू करायला सांगेन. मध्यमा पूर्ण झालेल्या मुलीला मी मराठी किंवा संस्कृत मुख्य विषय म्हणून सुचवीन, कारण बंदिशींचे शब्द आणि जुने ग्रंथ तिला पुढे लागणारच आहेत. घरची परिस्थिती लवकर कमावण्याची असेल, तर कोणतीही एक पदवी चालू ठेवून जर्मन बी-2 पर्यंत न्यावे आणि तत्त्वज्ञान पदव्युत्तर पातळीवर घ्यावे. तत्त्वज्ञान आपल्याला मानवेल की नाही अशी शंका असेल त्याने महाराष्ट्र मंडळाचे अकरावी-बारावीचे तर्कशास्त्राचे पाठ्यपुस्तक आणावे, एका मित्राबरोबर महिनाभर त्यातील उदाहरणे सोडवावीत आणि मगच अर्जातील मुख्य विषयाचा रकाना भरावा.