टोंगाच्या महाकाय कबुतराची प्रतिकृती: पाय अचूक, माप चुकलेले

टोंगा बेटांवरून नामशेष झालेल्या 'टोंगोएनास बर्लेयी' या महाकाय कबुतराची रेझिनची प्रतिकृती, निम्म्या मापाची म्हणून विकली जाणारी, गेले तीन महिने माझ्या टेबलावर आहे. ज्या पक्ष्याची केवळ हाडेच हाती लागली आहेत, त्याच्या प्रतिकृतीत हाडांवरून काय ठरते आणि मूर्तिकाराच्या कल्पनेतून काय आले आहे, याच कसोटीवर मी ती पाहिली.

सर्वांत सरस उतरले आहेत ते पाय. डेव्हिड स्टेडमन आणि ऊना ताकानो यांनी २०२० मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा पायांच्या हाडांच्या प्रमाणावरून हा पक्षी जमिनीवर वावरणारा नसून झाडांच्या शेंड्यांत राहणारा असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला होता. मूर्तिकाराने तो नीट वाचलेला दिसतो, कारण त्याचे कबूतर अंगणात दाणे टिपत नाही, तर फांदीला घट्ट पकडून बसले आहे.

मापात मात्र गफलत आहे. शेपटी सोडून या पक्ष्याची लांबी सुमारे ५१ सेंटीमीटर होती आणि वजन शहरी कबुतराच्या किमान पाचपट होते. मी फूटपट्टी लावली, तर प्रतिकृतीची लांबी शेपटीसकट २५ सेंटीमीटर भरली. म्हणजे शेपटीही त्याच आकड्यात कोंबून पक्ष्याचे धड आखूड केले आहे. सोबत दिलेले फळ तर जेमतेम वाटाण्याएवढे आहे. हा पक्षी टेनिसच्या चेंडूएवढी फळे गिळत असावा आणि त्यांच्या बिया दूरवर नेत असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. त्या हिशेबाने निम्म्या मापातही ते फळ तीन सेंटीमीटरहून मोठे हवे होते.

रंगांबद्दल माझी तक्रार निराळी आहे. जांभळट पाठ आणि तांबूस छाती दिसायला सुरेख आहे; पण हाडे पिसांचा रंग सांगत नाहीत, आणि हे रंग काल्पनिक असल्याची एक ओळही माहितीपत्रकात नाही.

खोक्यावरचे धुमसते ज्वालामुखी आणि डायनासोरच्या काळाची आठवण करून देणारी सजावट तर निव्वळ दिशाभूल आहे. हे कबूतर टोंगाच्या बेटांवर किमान ६०,००० वर्षे नांदले आणि सुमारे २,८५० वर्षांपूर्वी तेथे माणूस पोहोचल्यावर एकदोन शतकांतच शिकारीमुळे संपले. त्याची हाडे गुहांप्रमाणेच जुन्या मानवी वस्त्यांच्या उत्खननातही सापडली आहेत. त्याला प्रागैतिहासिक म्हणायचे ते लेखी इतिहासापूर्वीचे एवढ्याच अर्थाने.

रेझिनचे काम स्वच्छ आहे, सांधे दिसत नाहीत, रंग अद्याप उडालेला नाही. संग्रहासाठी ही प्रतिकृती जरूर घ्यावी. वर्गात दाखवायची असेल, तर खोका आणि ते फळ घरीच ठेवावे.