रॅकेट निवडावी ती उशीर झालेल्या फटक्यासाठी

बॅडमिंटनची नवी रॅकेट हातात आली की जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. हवेत दोन-तीन स्मॅश मारतो, ‘सूं’ असा आवाज ऐकतो आणि मान डोलावतो. हवेतल्या स्मॅशला आपण कधीच उशिरा पोहोचत नाही, हीच त्यातली गोम. खऱ्या खेळात कितीतरी फटके अर्धवट वळून, कोपर अंगाशी चिकटलेलं असताना, शटल खांद्याच्या मागे गेल्यावर मारावे लागतात. त्या वेळी रॅकेट साथ देते की जड जाते, हे बघून निवड करावी असं माझं मत आहे. खालची तुलना त्याच अंगाने केली आहे.

हेड-हेवी आणि हेड-लाइट

रॅकेटचा तोल घरच्या घरी कळतो. शाफ्ट, म्हणजे मूठ आणि डोकं जोडणारी दांडी, एका बोटावर आडवा ठेवून रॅकेट जिथे स्थिर राहील ती जागा शोधायची आणि मुठीच्या टोकापासून तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. गटिंग (ताणून बसवलेल्या तारा) नसलेल्या रॅकेटमध्ये हे अंतर साधारण २८५ ते २९५ मिलिमीटर आलं तर ती इव्हन बॅलन्स, त्याहून जास्त आलं तर हेड-हेवी (वजन डोक्याकडे), कमी आलं तर हेड-लाइट. पण गटिंग केलं की चार-साडेचार ग्रॅम वजन डोक्याकडे वाढतं आणि तोल सुमारे एक सेंटीमीटर वर सरकतो. उलट पाच ग्रॅमची ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) चढवली की तो जवळपास तेवढाच खाली येतो. म्हणून मित्राच्या गटिंग केलेल्या, ग्रिप चढवलेल्या रॅकेटचा आकडा एखाद्या कोऱ्या रॅकेटच्या छापील आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. ओव्हरग्रिपवर ओव्हरग्रिप चढवून हेड-हेवी रॅकेट ‘हलकी’ करण्याचा उद्योगही फसवा आहे. आकडा खाली येतो, पण डोक्याकडचं वजन आहे तिथेच राहतं आणि फिरवताना मनगटाला तेच ओढावं लागतं.

मागच्या रेषेवरून टॉस (उंच, खोल फटका) मारताना हेड-हेवी रॅकेट काम हलकं करते. एकदा गती घेतली की डोकं आपल्या वजनानेच पुढे जातं, शटल खोल जातं आणि स्मॅशला दणका येतो. अडचण पुढच्या क्षणी येते. स्मॅश परत आला, समोरच्याने सपाट ड्राइव्ह अंगावर मारला, की तेच डोकं मागे आणून पुन्हा पुढे न्यायला वेळ लागतो. हेड-लाइटमध्ये याच्या बरोबर उलट. नेटपाशी शटल हेरून दाबणं, अंगावर आलेला स्मॅश ब्लॉक करणं आणि एकामागून एक ड्राइव्ह घेणं सोपं होतं, पण मागून टॉस मारताना हाताला स्वतः जास्त राबावं लागतं.

‘हेड-लाइट म्हणजे फक्त डिफेन्सची रॅकेट’ हे मात्र मनातून काढून टाका. २०२३ मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीने जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून गिनेस विक्रम केला, तेव्हा त्याच्या हातात योनेक्सची नॅनोफ्लेअर १००० झेड होती, म्हणजे हेड-लाइट घराण्यातली रॅकेट. शटलचा वेग मुख्यतः रॅकेटचं डोकं किती वेगाने फिरतं यावर ठरतो, आणि हलकं डोकं वेगवान हातात आणखी वेगाने फिरतं. अर्थात तो हात सात्विकचा होता. आपल्या हातात तीच रॅकेट आली तर तिचा कडक शाफ्ट आधी आपलीच परीक्षा घेईल.

डबल्समध्ये जागेनुसार निवड कशी बदलते याचं चांगलं उदाहरण इंडोनेशियाच्या केविन संजया सुकामुल्जो आणि मार्कस फर्नाल्डी गिडिऑन या जोडीचं. केविन नेटवर असायचा, मार्कस मागे. केविनकडे अॅस्ट्रॉक्स ८८ एस असायची, मार्कसकडे ८८ डी. जोडी एक, मालिका एक, रॅकेट दोन. आपल्या जोडीदाराची रॅकेट आपल्यालाही चालेल असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मालिकांची नावं एकदा उलगडली की निम्मा गोंधळ संपतो. जोरकस आक्रमणासाठी योनेक्सची अॅस्ट्रॉक्स, विक्टरची थ्रस्टर, ली-निंगची अॅक्सफोर्स. वेगासाठी याच कंपन्यांच्या, याच क्रमाने, नॅनोफ्लेअर, ऑरास्पीड, ब्लेडएक्स. दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर आर्कसेबर, ड्राइव्हएक्स, हॅल्बर्टेक. पण एकाच मालिकेतही बराच फरक असतो. अॅस्ट्रॉक्स ७७ ला मध्यम शाफ्ट आहे आणि अॅस्ट्रॉक्स १०० झेडझेडला अतिकडक, नावातलं ‘अॅस्ट्रॉक्स’ मात्र तेच. शिवाय एकाच नावापुढे प्रो, टूर, गेम, प्ले अशी शेपटं लागतात. रंग सारखाच दिसतो, पण आतलं साहित्य वेगळं असतं आणि शाफ्ट बहुधा मऊ होत जातो. ‘प्रोची स्वस्त आवृत्ती’ म्हणून प्ले घेतली तर हातात येते ती वेगळ्याच स्वभावाची रॅकेट. नवशिक्याला ती प्रोपेक्षा जास्त मानवते, ही गोष्ट निराळी.

शाफ्ट आणि वजन

शाफ्ट किती वाकतो यावर फार बोललं जातं. माझ्या लेखी प्रश्न एवढाच आहे: तुमचा हात किती वेगाने फिरतो? संथ फिरणाऱ्या हाताला लवचीक शाफ्ट मदत करतो, तो वाकतो आणि सरळ होताना शटलला ढकलतो. वेगवान हाताला तोच शाफ्ट उशिरा सरळ होतोय असं वाटतं आणि फटका हवा तिथे पडत नाही. कडक शाफ्ट अचूक असतो, पण टायमिंग चुकलं तर क्षमा करत नाही. शंका असेल तर मध्यम घ्या. मध्यम शाफ्टने कुणी सामना हरल्याचं मी पाहिलं नाही, कडक शाफ्टमुळे खांदा धरून बसलेले मात्र पाहिलेत. त्यातला एक मीच.

झालं असं की, एका मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी बघून मी जड (३यू वर्गातली), हेड-हेवी, अतिकडक रॅकेट घेतली. पहिल्या गेमला स्मॅशचा आवाज ऐकून शेजारच्या कोर्टावरचे वळून बघायचे. तिसऱ्या गेमला माझे ब्लॉक नेटमध्ये जायचे, कारण हात दमला की रॅकेट अर्ध्या टप्प्यात थांबायची. दोष रॅकेटचा नव्हता. मी तिला माझ्या ताज्या हाताने निवडलं होतं, आणि सामना संपायचा दमलेल्या हाताने.

वजनाचे वर्ग योनेक्सच्या पद्धतीने असे: ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. यू च्या आधीचा आकडा वाढला की वजन कमी. डबल्स खेळणाऱ्याने ४यू पासून सुरुवात करावी. सिंगल्समध्ये ३यू ला अजूनही जागा आहे, कारण तिथे ड्राइव्हची धुमश्चक्री कमी आणि मागून येणारे लांब फटके जास्त. ५यू मनगटाला सुखाची असते, पण जोरात आलेला स्मॅश ब्लॉक करताना ती थोडी थरथरते. ग्रिपचं मापही असंच उलट चालतं, जी४ पेक्षा जी५ बारीक. बारीक मूठ घ्या, जाड करणं आपल्या हातात असतं. जाड मूठ बारीक करता येत नाही.

गटिंग: खरी निवड इथे होते

रॅकेट बदलायच्या आधी गटिंग बदलून पाहा, हा माझा ठाम सल्ला. कितीतरी जण रॅकेटला नावं ठेवतात आणि तिच्यावर असतं वर्षभरापूर्वीचं सैल झालेलं गटिंग. तार नायलॉनची असते, मशीनवरून उतरताच ताण सोडायला लागते. पहिल्या एक-दोन दिवसांतच टेन्शन थोडं उतरतं, मग हळूहळू उतरत राहतं. तार तुटली नाही म्हणजे गटिंग चांगलं आहे, असं नव्हे.

| स्ट्रिंग (योनेक्सची) | जाडी (मि.मी.) | हाताला कशी लागते | कुणासाठी |
|---|---|---|---|
| बीजी ६५ | ०.७० | मऊ, आवाज दबका | शिकणारे, रोज खेळणारे |
| नॅनोजी ९५ | ०.६९ | टिकाऊ, थोडी जास्त उसळी | जोरात मारणारे, पण तार जपणारे |
| बीजी ८० | ०.६८ | कडक, टणक | नेमका ठोका हवा असलेले स्मॅशर |
| बीजी ६६ अल्टिमॅक्स | ०.६५ | उसळी भरपूर, आवाज टणत्कारी | ड्रॉप-ड्रिबलवाले (शटल नेटजवळ हलकेच टाकणारे), वेगाचे खेळाडू |
| एरोबाइट | उभी ०.६७, आडवी ०.६१ | शटलला पकडते | कट आणि स्लाइस करणारे |

जाडी ०.७० आणि ०.६५ मधला फरक कागदावर नगण्य दिसतो, कोर्टवर तो पहिल्याच टॉसला कळतो. बारीक तार शटलला चटकन परत फेकते आणि फटका कुठे लागला ते हाताला नेमकं सांगते. मोबदल्यात ती लवकर तुटते. आठवड्यातून चार-पाच दिवस खेळणाऱ्याने बीजी ६६ लावली तर गटिंगवाल्याशी घरोबा होतो. प्लॅस्टिकच्या शटलने खेळणाऱ्यांनी बारीक तारेच्या वाट्याला जाऊच नये. तिची खरी मजा पिसांच्या शटलवर कळते. एरोबाइटची आडवी तार इतकी बारीक आहे की फ्रेमजवळ एक-दोन मिस-हिट बसले की ती निकालात निघते. पण ज्याचा क्रॉस ड्रॉप हाच हुकमी एक्का आहे, तो तिच्याशिवाय खेळायला नाखूश असतो.

टेन्शन किती घ्यायचं

सगळ्यात जास्त खोटं इथे बोललं जातं. ‘मी २८ पाउंडवर खेळतो’ हे वाक्य मिशीला पीळ दिल्यासारखं म्हटलं जातं. जास्त टेन्शनने ताकद वाढते हा समज मुळात उलटा आहे. सैल गटिंग उडी मारायच्या जाळीसारखं शटलला फेकतं आणि त्याचा गोड भागही (स्वीट स्पॉट, जिथे फटका सगळ्यात चांगला बसतो) मोठा असतो. घट्ट गटिंगमध्ये तो भाग आक्रसतो, उसळी कमी होते आणि बदल्यात नेमकेपणा मिळतो. ज्याचा हात मुळातच वेगाने फिरतो, त्यालाच हा सौदा परवडतो.

चाचणी सोपी आहे. आपल्या मागच्या रेषेवरून समोरच्या मागच्या रेषेपर्यंत दहा टॉस मारा. निम्म्याहून जास्त आखूड पडले तर टेन्शन दोन पाउंड कमी करा, रॅकेट बदलू नका. सगळे खोल जात असतील, काही तर रेषेबाहेरही, तर एक पाउंड वाढवून बघा. शिकणाऱ्यांना २० ते २२, नियमित खेळणाऱ्यांना २३ ते २५, आणि २६ च्या पुढे फक्त रोज सराव करणाऱ्यांनी जावं, असा माझा ढोबळ हिशेब. फ्रेमवर किंवा शाफ्टच्या मुळाशी कंपनीने छापलेली कमाल मर्यादा असते, ती ओलांडून फ्रेम तुटली तर तक्रारीला वाव नसतो. आडव्या तारा उभ्यांपेक्षा एक-दोन पाउंड जास्त ओढायला सांगा, त्याने डोक्याचा आकार टिकतो.

मग कुणी काय घ्यावं

आठवड्यातून दोनदा डबल्स खेळता, नेटवर चपळ आहात आणि मागे गेलात की धाप लागते: ४यू, इव्हन बॅलन्स किंवा थोडी हेड-लाइट, मध्यम शाफ्ट, बीजी ६६ अल्टिमॅक्स २३ पाउंडवर. मागे उभं राहून सतत मारणारे असाल आणि तीन गेम हात टिकतो: ४यू हेड-हेवी, कडक शाफ्ट, बीजी ८० किंवा नॅनोजी ९५ २५ वर. सिंगल्सच खेळता आणि रॅली लांबवून समोरच्याला पळवता: इव्हन बॅलन्स, हवं तर ३यू, तार तुमच्या ड्रॉपच्या आवडीप्रमाणे. नुकतेच खेळायला लागला असाल तर बीजी ६५ २१ पाउंडवर आणि मध्यम शाफ्टची कुठलीही ४यू रॅकेट. पुढचे सहा महिने मालिकांची नावं विसरा.

दोन पर्यायांमध्ये अडकलात तर दोन्ही रॅकेट मागून घेऊन एकेक पूर्ण सामना खेळा, आणि शेवटच्या गेममध्ये बॅकहँडला अडकलेलं शटल कुठल्या रॅकेटने बाहेर काढून दिलं ते बघा. पहिल्या गेमचा अनुभव मोजू नका.

गटिंग तुटल्यावर ते कुठे तुटलं हेही जरूर बघा. मधोमध, तारा एकमेकींना छेदतात तिथे खाचा पडून तुटलं असेल तर त्याचं आयुष्य संपलं, त्याच प्रकारची नवी तार लावा. वारंवार फ्रेमच्या कडेला तुटत असेल तर तुमचे फटके मधोमध बसत नाहीयेत, तेव्हा जाड तार घ्या आणि टेन्शन उतरवा. आणि एक तार तुटली की उरलेल्या तशाच ठेवून रॅकेट पिशवीत टाकू नका. ताण एकाच बाजूने राहिला तर फ्रेम वाकडी होते. कात्री घ्या, मधल्या तारांपासून सुरुवात करा आणि एक उभी, एक आडवी असं करत बाहेरच्या बाजूला कापत जा.