डेंटल हायजिन: असोसिएट की बॅचलर? अमेरिकेतला पैशांचा हिशेब

मंडळाच्या गणपतीत किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी हे विचारतंच. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या एच-१बी नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर आले, आता काम करायची परवानगी मिळाली, डेंटल हायजिन, म्हणजे दवाखान्यात दात-सफाई करायचं शिक्षण, घ्यायचा विचार आहे. पण कॉलेजांत दोन वाटा दिसतात, असोसिएट ही छोटी पदवी आणि बॅचलर ही चार वर्षांची. बॅचलर केली तर पगार जास्त मिळेल ना?

क्लिनिकमध्ये पेशंटच्या खुर्चीशेजारी बसून करायच्या कामापुरतं उत्तर आहे: जवळजवळ नाहीच.

कारण लायसन्स एकच असतं. दोन्हीकडे मान्यताप्राप्त कोर्स पूर्ण करायचा, तीच राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा, तीच प्रत्यक्ष कामाची परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. नावापुढे दोघींच्याही बहुतेक राज्यांत 'आरडीएच'च (नोंदणीकृत डेंटल हायजिनिस्ट) लागतं. त्यात विमा कंपनी मोठ्या माणसाच्या दात-सफाईचे पैसे डी१११० या कोडखाली देते. सफाई करणारी चार वर्षं शिकली की तीन, यावर ती रक्कम ठरत नाही. मग डॉक्टर तासाचा दर कशाच्या जोरावर वाढवणार? दर ठरतो गावावर, अनुभवावर आणि त्या भागात हायजिनिस्टची किती टंचाई आहे त्यावर.

आता आकडे. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार हायजिनिस्टचा मध्यम वार्षिक पगार ९४,२६० डॉलर आहे, म्हणजे तासाला साधारण ४५. डेंटल असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालच्या मदतनिसाचा, ४७,३००. खरी उडी इथे आहे, असिस्टंटवरून हायजिनिस्टवर, आणि ती असोसिएट डिग्रीनेही मारता येते. हे खातंसुद्धा या व्यवसायात शिरायला लागणारं शिक्षण असोसिएट असंच लिहितं.

असोसिएट 'दोन वर्षांची' म्हणतात, त्यावर जाऊ नका. अ‍ॅनाटमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री हे विषय आधी करावे लागतात, ते धरून तीन वर्षं सहज जातात. बॅचलरला चार. म्हणजे खरा फरक साधारण एका वर्षाचा. पण ते वर्ष स्वस्त नाही, कारण त्या वर्षात तुम्ही ९४ हजार मिळवू शकला असता.

समजा फी आणि बुडालेला पगार मिळून त्या जादा वर्षाचा खर्च १,१४,००० डॉलर झाला. आणि अगदी उदार मनाने धरू, की बॅचलरमुळे तासाला ३ डॉलर जास्त मिळाले. पूर्ण वेळ काम केलं तर वर्षाचे ६,२४० होतात. पैसे वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील. तीच बॅचलर असोसिएटनंतर नोकरी करता करता ऑनलाइन पूर्ण केली आणि फी १२,००० पडली, तर त्याच वाढीवर दोन वर्षांच्या आत वसूल. हे धरलेले आकडे आहेत. आपल्या कॉलेजची फी घालून हेच गणित घरी बसून करा. माझं मत मात्र पक्कं आहे: आधी असोसिएट, मग लायसन्स, मग गरज वाटली तर बाकीचं.

याला एक मोठा अपवाद आहे. कॅलिफोर्नियात काही कम्युनिटी कॉलेजांना, म्हणजे एरवी असोसिएटपर्यंतच शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजांना, बॅचलर द्यायची परवानगी मिळाली, आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल कॉलेज डेंटल हायजिनमध्ये ती देतं. राज्याच्या रहिवाशाला तिथली फी विद्यापीठांच्या मानाने फार कमी पडते, आणि बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, आपली माणसं किती आहेत हे सांगायला नको. तिथे प्रवेश मिळत असेल तर बिनधास्त बॅचलर घ्या. अवजारं, परीक्षा आणि लायसन्सचा खर्च मात्र वेगळा धरा. आणि एच-४ वाल्यांना सरकारी विद्यार्थी-कर्ज मिळत नाही, तेव्हा घरातल्या शिलकीतून भागेल का, हे आधी बघा.

मग बॅचलर कुणी करावी? जिला दहा-पंधरा वर्षांनी खुर्चीपासून दूर व्हायचंय तिने. हे काम मान, खांदे, मनगट झिजवतं. पंचेचाळिशीला हात दुखू लागला की कागदावरचा तासाचा दर काय कामाचा? हायजिनच्या कॉलेजात शिकवणं, सार्वजनिक आरोग्य खातं, दंतसाहित्याच्या कंपन्या, पुढे मास्टर्स, या दारांवर बहुतेक वेळा बॅचलर मागतात. शिकवण्याचा पगार क्लिनिकपेक्षा जास्तच असेल असं धरून चालू नका. पण तिथे नियमित रजा, विमा, निवृत्तीचे पैसे मिळण्याची शक्यता जास्त. बऱ्याच क्लिनिकांत तीन-चार दिवसांचंच काम असतं आणि त्यातलं काहीच मिळत नाही. घरात जोडीदाराच्या नोकरीतून सगळ्यांचा विमा असेल तर ही उणीव आज जाणवत नाही. त्याची नोकरी गेली की जाणवते.

आपल्यातल्या बऱ्याच जणींकडे भारतातली बीएस्सी किंवा बीकॉम आधीच असते. अशीने आधी त्या पदवीचं इथलं मूल्यांकन करून घ्यावं आणि जिथे पुढे जायचंय तिथे विचारावं, की 'कुठलीही बॅचलर' चालते की हायजिनचीच लागते. पहिलं असेल तर दुसऱ्या बॅचलरवर एक डॉलरही घालवू नये.

बीडीएस झालेल्यांचं वेगळं आहे. फ्लोरिडात परदेशी दंतवैद्याला पुन्हा हायजिनचा कोर्स न करता परीक्षा देऊन हायजिनिस्टचं लायसन्स मिळवता येतं. कॉलेजची फी न भरता मिळणारी ही कमाई फार मोलाची आहे, विशेषतः पुढे अमेरिकन दंतवैद्यकाची पदवी घ्यायची असेल आणि त्यासाठी पैसे साठवायचे असतील तर. पण अनेक राज्यं मान्यताप्राप्त हायजिन कोर्सच मागतात, त्यामुळे घरातली नोकरी फ्लोरिडातल्या टॅम्पाहून दुसऱ्या राज्यात हलली तर ते लायसन्स तिथे चालेलच असं नाही. घर हलवण्याआधी त्या राज्याच्या डेंटल बोर्डाला लेखी विचारून ठेवा.