एनर्जी मॅनेजर: बॅटरी भरायची घाई सोडली आणि हिशोब जमला

छपरावर सोलर पॅनेल चढली की वीज दुपारी उतू जाते आणि संध्याकाळी कमी पडते. हा मेळ घालायला मी इन्व्हर्टरला एनर्जी मॅनेजर, म्हणजे वीज कधी कुठे वळवायची ते ठरवणारं यंत्र, जोडून घेतला. कडक उन्हाचे आणि सलग ढगाळ, असे दोन्ही प्रकारचे महिने बघून झाल्यावर हे लिहितोय.

आधी माझा सेटअप सांगतो, म्हणजे आकडे समजतील. 5 किलोवॉटची पॅनेल, हायब्रिड (पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर, 5 युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, गीझर आणि गाडीचा चार्जर. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, 2.5 किलोवॉटपेक्षा जास्त वीज पाठवायला परवानगी नाही.

या मर्यादेतच सगळी गंमत आहे. कंपनीकडून येतानाच सेटिंग असतं 'आधी बॅटरी'. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण उन्हाच्या दिवशी बॅटरी सकाळीच भरून मोकळी होते आणि ऊन खरं तापतं त्यानंतर. दुपारी पॅनेल 4 किलोवॉट द्यायला तयार, घरात लागतात जेमतेम अर्धा, ग्रिडला जातात अडीच. उरलेला एक किलोवॉट तयारच होत नाही. इन्व्हर्टर पॅनेलचा व्होल्टेज मुद्दाम वर सरकवतो आणि वीज कमी ओढतो. ॲपमध्ये हा तोटा कुठेच दिसत नाही, कारण जी वीज बनलीच नाही ती मोजणार कोण? ओळखायची खूण एकच: निर्मितीच्या आलेखाचा डोंगर माथ्यावर सपाट कापलेला दिसतो आणि त्याच वेळी पॅनेलकडचा (डीसी) व्होल्टेज चढलेला असतो. तुमच्याकडे असं दिसत असेल तर मोठी बॅटरी घ्यायच्या आधी भरायची वेळ बदलून बघा.

मॅनेजरचं खरं काम इथे सुरू होतं. उद्या स्वच्छ ऊन असेल असा अंदाज असला तर तो सकाळी बॅटरी थांबवून ठेवतो आणि दुपारच्या माथ्यावर भरतो. ढगाळ अंदाज असला तर सकाळपासून मिळेल ते घेत राहतो. अंदाज चुकतोही, पण चुकला तरी नुकसान बेताचं. माथ्याचा सपाटपणा बराच गेला, आणि त्यासाठी एकही नवीन पॅनेल लागलं नाही.

दुसरा मोठा फायदा गीझरचा. शंभर लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट लागतात. म्हणजे माझ्या बॅटरीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग! शिवाय बॅटरीत घालून परत काढताना थोडी वीज गळतेच, गरम पाण्यात ती थेट जाते. त्यामुळे गीझर पहाटेवरून दुपारवर आणला आणि संध्याकाळची बॅटरी दिवे, पंखे, फ्रिजसाठी मोकळी राहिली. टाकीला चांगलं इन्सुलेशन हवं मात्र, नाहीतर दुपारचं पाणी रात्री कोमट.

गाडीच्या चार्जिंगबद्दल मी इतका खूश नाही. 'फक्त जादा विजेवर' असा मोड आहे, पण चार्जिंगच्या मानकानुसार किमान करंट 6 अँपिअर. 230 व्होल्टला ते होतात जवळपास 1.4 किलोवॉट. जादा वीज त्याच्या खाली गेली की चार्जिंग बंद, वर आली की चालू. ढग येत-जात असले की भिंतीवरच्या डब्यातून खट्-खट् आवाज दिवसभर. 'जादा वीज दहा मिनिटं टिकली तरच सुरू कर' असं सेट केल्यावर ते थांबलं, पण हा पर्याय तीन मेन्यू आत दडवलाय.

बसवणाऱ्यांनी करंट मोजणारा सीटी क्लॅम्प उलटा लावला होता, तेही सांगून ठेवतो. रात्री, मिट्ट काळोखात, ॲप 'जादा वीज उपलब्ध' दाखवत होतं. क्लॅम्पवर बाणाची खूण असते, त्याची दिशा फिटिंगच्या दिवशीच बघून घ्या. पुढचे सगळे निर्णय त्या एका मापावर बेतलेले असतात.

ॲपमध्ये दोन टक्केवाऱ्या दिसतात, त्यांतला फरक समजून घ्या. 'स्व-वापर' म्हणजे बनलेल्यापैकी किती घरात वापरली, 'स्वावलंबन' म्हणजे लागणाऱ्यापैकी किती घरची होती. ढगाळ आठवड्यात स्व-वापर शंभर टक्के दिसून हिरवा बिल्ला मिळतो. अरे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बाहेर पाठवायला उरलंच काय? बघायचं ते स्वावलंबन.

त्याच ढगाळ दिवसांत बॅटरीचा टक्काही फसवा होतो. या प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, म्हणून आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्का काढतात आणि बारीक चुका साचत जातात. बरेच दिवस पूर्ण भरली नाही की अठरा टक्क्यांवरून एकदम आठवर उडी मारते. अधूनमधून ग्रिडवरून का होईना, शंभरपर्यंत भरली की हिशोब ताळ्यावर येतो. वीज गेल्यावर हाताशी राहावा म्हणून ठेवलेला साठा त्यासाठीच मी 20 वरून 30 टक्के केला.

इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. माझा रात्रभर 50 वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे बारा तासांत 0.6 युनिट. छोट्या बॅटरीला हे जड जातं आणि माहितीपत्रकात ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं.

पाचपैकी चार तारे देतोय. एक कापला तो इंटरनेटसाठी. नेट गेलं की हवामानाचा अंदाज मिळत नाही हे समजू शकतो, पण गीझरचं साधं वेळापत्रकसुद्धा कंपनीच्या सर्व्हरवरून चालतं आणि तेही बंद पडतं. गीझर चालू-बंद करणारा रिले माझ्या भिंतीवर, मीटर माझ्या भिंतीवर, मग गीझर चालू करायला बाहेरून हुकूम कशाला लागतो?