यू-९ पाणबुडीचं किट: बाकी झकास, पण मागच्या नळ्या कुठे गेल्या?
गोखले रोडच्या बाजूच्या गल्लीत एक खेळण्यांचं दुकान आहे, पुढे सायकली नि कॅरम बोर्ड, मागच्या फळीवर मॉडेल किट्स. तिथून मागच्या महिन्यात पहिल्या महायुद्धातल्या जर्मन यू-९ पाणबुडीचं हे १/३५० चं (म्हणजे खऱ्याच्या ३५० पट लहान) प्लास्टिक किट घेतलं, १,६५० ला. काका एक रुपया सोडत नाहीत पण खोका उघडून सगळे स्प्रू (पार्ट जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) मोजून दाखवतात, ऑनलाइन हे सुख नाही.

बायको म्हणाली एवढ्या पैशात पेन्सिल आणलीस का. आता होतेच ती १६ सेंटीमीटरची, खरी बोटच ५७ मीटरची होती ना. मग मी त्याच मापात पुठ्ठ्याच्या क्रूझर (युद्धनौका) कापल्या, एकेक ४१ सेंटीमीटर! ब्रिटिशांच्या अबुकीर, होग आणि क्रेसी, प्रत्येकी १२ हजार टन, २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी ह्या पेन्सिलीने दीडेक तासात तिन्ही बुडवल्या, १,४०० च्या वर माणसं गेली. (त्याच रात्री एमडन ह्या जर्मन क्रूझरने मद्रासवर तोफा डागल्या, आपल्याकडे लोकांना तेवढंच माहीत.) अबुकीरच्या कॅप्टनला वाटलं सुरुंग लागला, म्हणून त्याने बाकीच्या दोघींना जवळ बोलावलं, होग माणसं उचलायला आली आणि तिलाही दोन टॉर्पेडो बसले.

किटमध्ये सगळ्यात भारी काय तर धुराडं. इंजिन रॉकेलवर चालायचं, म्हणजे पाण्याच्या वर असताना पांढरा धूर आणि रात्री ठिणग्या, अरे लपायला बनवलेली बोट आणि धूर स्टोव्हसारखा! बुडी मारायच्या आधी ते आडवं पाडायचं. उभं आणि आडवं, दोन्ही पार्ट दिलेत, एकदम बारीक काम, फ्लॅशसुद्धा (साच्याच्या कडेने आलेलं जादा प्लास्टिक) नाही.

आणि एवढं करून मागच्या टॉर्पेडो नळ्यांची तोंडंच नाहीत! पुढे दोन आहेत, मागे सपाट प्लास्टिक. यू-९ ला पुढे दोन, मागे दोन अशा चार नळ्या होत्या आणि क्रेसीला पहिला दणका मागच्याच नळीतून बसला होता, म्हणजे जे दाखवायलाच हवं तेच कंपनी विसरली. मेल केला, तीन आठवडे झाले, उत्तर नाही. शेवटी ब्लेडने कोरलं, एक बरं जमलं, दुसरं थोडं वाकडं.

डिकल्स (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) ठीक. आयर्न क्रॉस मात्र मी लावला नाही, कारण तो कैसरने (जर्मन सम्राटाने) बोटीला ह्या हल्ल्यानंतर दिला आणि मला २२ तारखेची सकाळची बोट करायची होती. रंगाचं म्हणाल तर जुलैत ठाण्यात प्रायमर वाळायला दोन दिवस लागतात, घाई करू नका, माझ्या बोटीवर अजून अंगठ्याचा ठसा आहे.

पाचपैकी साडेतीन, धुराड्यासाठी अर्धा जास्त दिलाय. काकांकडे अजून एक पीस आहे, सोमवारी दुकान बंद असतं.