डिसकॉर्ड की एसएसटी?

अमेरिकन पंकचा (वेगवान, रांगड्या रॉक संगीताचा) विषय निघाला की ही दोन लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, एका दमात घेतली जातात. दोन्ही वादकांनीच काढलेली, दोन्ही मोठ्या कंपन्यांना बगल देणारी. कारभार मात्र अगदी वेगळा.

एसएसटी कॅलिफोर्नियाचं. ग्रेग गिन आधी त्याच नावाने टपालाने रेडिओचं सामान विकायचा. 1978 मध्ये आपल्या ब्लॅक फ्लॅग बँडची ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढण्यासाठी त्याने तेच नाव वापरलं. पुढे मिनिटमेन, हुस्कर डू, मीट पपेट्स, सॉनिक यूथ हे बँडही घेतले... अशी पारख क्वचितच कुणाला असते!

डिसकॉर्डचा जन्म 1980चा, वॉशिंग्टनमधला. टीन आयडल्स हा पोरांचा बँड फुटत होता. कार्यक्रमांतून साठलेले पैसे वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्यातून रेकॉर्ड काढली. कव्हर कसं करतात ते ठाऊक नव्हतं. मग एक तयार कव्हर उलगडून त्याचा आकार कागदावर उतरवला आणि कापून, दुमडून, चिकटवून हजारभर कव्हरं घरीच केली. बँडमधल्या इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी पुढेही तोच शिरस्ता ठेवला: फक्त आपल्या शहराचे बँड, लेखी करार नाही, किमती कमी.

विविधतेत एसएसटी सरस, यात वादच नाही. पण रॉयल्टीवरून (विक्रीतल्या बँडच्या वाट्यावरून) तिथे बँडशी तंटे झाले. मीट पपेट्स आणि सॉनिक यूथ बाहेर पडले आणि पुढे त्यांनी आपल्या रेकॉर्ड्सचे हक्क परत मिळवले. मकायचा नंतरचा बँड फुगाझी मात्र अखेरपर्यंत डिसकॉर्डवरच राहिला, कागदावर एकही सही न करता. म्हणून माझं मत डिसकॉर्डला.