‘कामत, सुरेश’ एक माणूस की दोन? पायथनमध्ये ईमेलचे पत्ते हाताळायच्या दोन पद्धती

फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेच्या रात्री नाटक होतं. त्याची आमंत्रणं ईमेलने पाठवायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे. दिवसा पणजीत प्रोग्रामिंगची नोकरी आणि रात्री हे, म्हणजे घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. सभासदांची यादी आमचे सचिव ठेवतात. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो. हजेरीपटाची सवय असल्यामुळे ते आडनाव आधी लिहितात, मग स्वल्पविराम, मग नाव:

कामत, सुरेश <सुरेश@एक्झाम्पल.कॉम>

(पत्ता इथे वाचायला सोपा म्हणून देवनागरीत दिलाय, खरा रोमन अक्षरांतच असतो.)

पहिल्या वर्षी ही ओळ मी जशीच्या तशी ‘टू’मध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन.

“अरे बाबू, सगळ्यांना एकदम उत्तर द्यायला गेलो तर फोन म्हणतो, कामत हा पत्ता चुकीचा आहे. कामताने पत्ता बदलला काय?”

“नाही मास्तर, कामताचे मीच दोन तुकडे केले.”

ईमेलच्या नियमांत स्वल्पविराम म्हणजे एक पत्ता संपला, दुसरा सुरू. अवतरणचिन्हांत नसलेला ‘कामत’ हा डोमेन (@ च्या पुढचा भाग) नसलेला एक स्वतंत्र पत्ता ठरला आणि ‘सुरेश’ दुसरा. आमंत्रण सुरेशला पोचलंच. कामताला सर्व्हरने नाकारलं, पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली मेल पाठवणारी लायब्ररी, एसएमटीपी-लिब, सगळेच्या सगळे पत्ते नाकारले गेले तरच एरर फेकते. एखाददुसरा नाकारला तर नाकारलेल्यांची डिक्शनरी गुपचूप परत देते. ती डिक्शनरी मी कधी उघडूनही पाहिली नव्हती.

परवा ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, “दादा, पत्त्यांसाठी ईमेल-यूटिल्स वापरू की हेडर-रजिस्ट्री?” तिला तोंडी दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितो.

दोन्ही पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतच आहेत, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. जुनी पद्धत म्हणजे ईमेल-यूटिल्समधली तीन फंक्शनं: एक पत्ता फोडणारं पार्स-ॲडर, यादी फोडणारं गेट-ॲड्रेसेस आणि नाव व पत्ता जोडून ओळ बनवणारं फॉरमॅट-ॲडर. आत स्ट्रिंग (म्हणजे साधा मजकूर), बाहेर स्ट्रिंग किंवा नाव-पत्त्याची जोडी. नवी पद्धत म्हणजे हेडर-रजिस्ट्रीतला ‘ॲड्रेस’ हा ऑब्जेक्ट आणि त्याच्यासोबत ‘ईमेल-मेसेज’ हा क्लास. हेडर-रजिस्ट्री पायथन ३.३ मध्ये आणि ईमेल-मेसेज ३.४ मध्ये चाचणीदाखल आले आणि ३.६ पासून दोन्ही कायमचे झाले. तेव्हा ‘नवी’ म्हणायचं ते निव्वळ सवयीने.

आधी पाठवण्याचं बघू, कारण खरा फरक तिथे आहे.

जुन्या पद्धतीत फॉरमॅट-ॲडरला नाव आणि पत्ता वेगवेगळे दिले, तर ‘कामत, सुरेश’ रोमन अक्षरांत असल्यास ते अवतरणचिन्हांत बसतं. गोव्यात घरोघर सापडणारं ‘एफ. एक्स. परेरा’ हे नावही अवतरणांत जातं, कारण नियमाप्रमाणे उघड्या नावात टिंबसुद्धा चालत नाही. डिकॉस्ता, डिसोझा यांच्या रोमन स्पेलिंगमधला ॲपॉस्ट्रॉफी मात्र चालतो, तो कुणाला त्रास देत नाही. इथवर दोन्ही पद्धती सारख्याच.

नाव देवनागरीत लिहिलं की वाटा फुटतात. हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या ‘टू’, ‘फ्रॉम’ अशा ओळींत, मुळात फक्त आस्की (रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं) चालतं, म्हणून १९९६ च्या आरएफसी २०४७ या इंटरनेटच्या नियमपत्राने ‘एन्कोडेड वर्ड’ची सोय केली. नावाचा बेस-६४ करायचा, म्हणजे त्याचे बाइट आस्की अक्षरांत लिहायचे, पुढे कॅरेक्टर-सेटचं नाव, दोन्ही टोकांना बरोबरच्या चिन्हाचं (=) आणि प्रश्नचिन्हाचं कुंपण. अशा एका शब्दाची लांबी कुंपणासकट ७५ च्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. आता हिशेब करा. कॅरेक्टर-सेट यूटीएफ-८ असला तर त्याच्या नावासकट कुंपण १२ खातं, उरले ६३. बेस-६४ चार-चारच्या घासांत चालतो म्हणून त्यातले वापरता येतात ६०, म्हणजे ४५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. म्हणजे एका शब्दात मावतात १५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळी स्वतंत्र धरायची.

आमच्या आमंत्रणावर पाठवणाऱ्याचं नाव असतं ‘सांस्कृतिक कार्यक्रम समिती’. डोळ्याला तीन शब्द, पण यूनिकोडच्या मोजणीत २४ देवनागरी चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा, एकूण ७४ बाइट. फॉरमॅट-ॲडर याचा एकच अखंड एन्कोडेड वर्ड करून देतं, लांबी ११२. तो फोडायचं काम त्याच्याकडे नाहीच. बरीच मेल-ॲप्स हे चालवून घेतात, पण नियमाला धरून ते नव्हे. ईमेल-मेसेजला तेच नाव ‘ॲड्रेस’ ऑब्जेक्ट म्हणून द्या. लांब ओळ घडी करताना, म्हणजे दुमडून अनेक ओळींत लिहिताना, तो नावाचे तुकडे पाडतो, आणि ते चिन्हांच्या सीमेवर पाडतो. एखाद्या अक्षराचे तीन बाइट दोन तुकड्यांत विखुरत नाहीत.

आणि हेही परवडलं, कारण फॉरमॅट-ॲडर निदान वापरलं तरी जातं. बहुतेक जण तेही वापरत नाहीत. मीही नव्हतो वापरलं. दुसऱ्या वर्षी मास्तर म्हणाले, “नावं मराठीत पाहिजेत, आपण काय इंग्रजी नाटक करतो?” मी मेल बनवणारा पायथनचा जुना क्लास माइम-टेक्स्ट घेतला आणि ‘फ्रॉम’मध्ये ‘सांस्कृतिक कार्यक्रम समिती’ आणि पुढे कंसातला पत्ता अशी सरळ स्ट्रिंग टाकली. माइम-टेक्स्ट मुकाट्याने ‘कॉम्पॅट-३२’ या जुन्या धोरणावर (पॉलिसीवर) चालतो. त्याला नाव कुठे संपतं आणि पत्ता कुठे सुरू होतो हे कळत नाही. आस्कीबाहेरचं अक्षर दिसलं की तो अख्खी ओळच एन्कोड करतो, पत्त्यासकट. एन्कोडेड वर्डच्या आत पत्ता ठेवायला नियमाने सक्त मनाई आहे. त्यामुळे झालं असं की ‘फ्रॉम’मध्ये पत्ताच उरला नाही. काही सर्व्हरांनी मेल दारातूनच परत पाठवली. जिथे पोचली तिथे समितीचं नाव सुंदर मराठीत दिसत होतं, पण उत्तर कुणालाच देता येईना. चवथीच्या आदल्या रात्री मी ४०० मेल पुन्हा पाठवत बसलो होतो आणि घरात माटोळी बांधायला मी नाही म्हणून बोलणी खात होतो.

जुन्या मेसेजची आणखी एक खोड. ‘टू’ला दोनदा किंमत दिली की पहिली पुसली जात नाही, दुसरं ‘टू’ हेडर खाली जोडलं जातं. लूपमध्ये एकच मेसेज पुन्हा पुन्हा वापरणाऱ्याला हे फार महागात पडतं, कारण पाचव्या माणसाला आधीच्या चौघांचे पत्ते दिसतात. ईमेल-मेसेज दुसरं ‘टू’ जोडू देत नाही, व्हॅल्यू-एरर देतो. नावात कुणी नवी ओळ घुसवून स्वतःचं हेडर टोचायचा प्रयत्न केला तरी तो अडवतो. वेबवरच्या फॉर्ममधून नावं घेणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी नवी पद्धत घ्यावी.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ईमेल-मेसेज घेतला आणि त्याला पुन्हा ‘कामत, सुरेश’वाली कच्ची स्ट्रिंगच दिली, तर कामताचे इथेही दोन तुकडे होणारच. फरक एवढाच की त्या हेडरच्या ‘डिफेक्ट्स’ यादीत डोमेन नसल्याची तक्रार नोंदलेली असते. फायदा ‘ॲड्रेस’ ऑब्जेक्टचा आहे: नाव, यूझरनेम आणि डोमेन वेगवेगळे द्यायचे आणि अवतरणं त्याच्यावर सोपवायची.

नव्या पद्धतीतही खोट आहे, ती लपवत नाही. सीव्हीई-२०२५-१७९५ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या दोषांची जाहीर यादी) हा दोष नेमका आपल्यासारख्यांना लागणारा होता. पत्त्यांची यादी लांब, नावं आस्कीबाहेरची आणि ओळ घडी करताना दोन पत्त्यांमधला स्वल्पविराम दुमडलेल्या ओळीत गेला, तर तो स्वल्पविरामच एन्कोड होऊन जायचा. मग दोन पत्ते वेगळे कळायचे कसे? दुरुस्ती झालेली आहे, तेव्हा सर्व्हरवर पायथन ३.११ किंवा ३.१२ ची सुरुवातीची आवृत्ती असेल तर त्या शाखेतली शेवटची घ्या. मी तर आता प्रत्येकाला वेगळी मेल पाठवतो. ‘टू’मध्ये एकच पत्ता असला की हा प्रश्नच येत नाही, आणि चारशे जणांचे पत्ते एकमेकांना दाखवणं तसंही बरं नव्हे.

आता आलेली मेल वाचण्याचं. इथे पारडं एवढं एका बाजूला झुकत नाही.

जुनी फंक्शनं हलकी आहेत, वेगवान आहेत आणि गाळ पचवतात. हेडर-रजिस्ट्रीचा पार्सर (हेडर फोडून वाचणारा भाग) व्याकरणाचे नियम एकेक करत उतरत जातो. तो शुद्ध पायथनमध्ये आहे आणि हजारो मेलच्या पेटीवर त्याचा संथपणा जाणवतो. जुन्या आवृत्त्यांत विचित्र हेडर आलं की तो दोष नोंदवण्याऐवजी सरळ इंडेक्स-एरर देऊन कोसळायचा, म्हणून भोवती एरर झेलणारं ट्राय-एक्सेप्ट ठेवा. बदल्यात काय चुकलं ते तो ‘डिफेक्ट्स’मध्ये सांगतो आणि गटाचं, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या पत्त्यांचं, नाव जपतो. गेट-ॲड्रेसेस गट मोडून सगळे पत्ते एका रांगेत ओततं आणि गटाचं नाव जातं. गट वापरतं कोण, असं वाटेल. पण ‘अनडिस्क्लोज्ड रेसिपिअंट्स’ असं जे दिसतं, तो एक रिकामा गटच असतो.

जुन्या फंक्शनांचा सैलपणा मात्र एकदा अंगाशी आलेला आहे. सीव्हीई-२०२३-२७०४३ मध्ये खास चिन्हं घातलेला वेडावाकडा पत्ता दिला की पार्स-ॲडर त्यातला भलताच भाग खरा पत्ता म्हणून परत द्यायचं. अमुक डोमेनच्या लोकांनाच नोंदणी मिळेल, अशी अट लावलेल्या ठिकाणी हे भगदाडच. त्यावर ३.१३ मध्ये ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय आला आणि तो आपोआप चालूच असतो. जुन्या शाखांनाही तो मागाहून मिळाला. संशय आला की आता रिकामी जोडी परत येते. ती रिकामी जोडी तपासायची जबाबदारी तुमची.

गेट-ॲड्रेसेसला यादी लागते, नुसती स्ट्रिंग नव्हे. स्ट्रिंग दिलीत तर तिचं एकेक अक्षर वेगळं हेडर धरलं जातं. ही चूक एकदा तरी सगळ्यांची होते.

वाचण्यातला सर्वांत मोठा धोका दोन्ही फंक्शनांबाहेरचा आहे: क्रम. कॉम्पॅट-३२ हेडर कच्चंच देतो, एन्कोडेड वर्डसकट. ते वाचनीय व्हावं म्हणून लोक आधी डीकोड करतात आणि मग फोडतात. पण एन्कोडेड नावाच्या पोटात ‘कामत, सुरेश’मधला स्वल्पविराम लपलेला असतो. डीकोड केलात की तो मोकळा सुटतो आणि पुन्हा एकाचे दोन. कुणी मुद्दाम नावाच्या पोटात परक्याचा पत्ता भरून ठेवला असेल तर तोही बाहेर येऊन खरा होऊन बसतो. आधी फोडा, मग फक्त नावाचा भाग डीकोड करा. नवी पद्धत हा क्रम स्वतःच पाळते. त्यासाठी मेसेज-फ्रॉम-बाइट्सला ‘पॉलिसी डीफॉल्ट’ हाताने द्यावी लागते. नाही दिली तर कॉम्पॅट-३२चाच मेसेज हातात येतो आणि आपण नवी पद्धत वापरतोय असा नुसता समज राहतो.

पत्ताच देवनागरीत असेल तर? ‘.भारत’ डोमेन २०१४ पासून मिळतात आणि @ च्या आधीचा भाग देवनागरीत चालावा यासाठी २०१२ चे आरएफसी ६५३१ व ६५३२ आहेत. फॉरमॅट-ॲडर असा पत्ता पाहताच यूनिकोड-एरर देतं. यूझरनेम आणि डोमेन वेगवेगळे दिले तर ‘ॲड्रेस’ तो स्वीकारतो, पण मेसेजला एसएमटीपी-यूटीएफ-८ ची पॉलिसी लागते आणि समोरच्या सर्व्हरलाही ते यावं लागतं. आमच्या यादीत असा पत्ता अजून एकही नाही.

गो भाषेत काम करणाऱ्यांपुढे हा पेच नाही. तिथलं नेट-मेल पॅकेज जोडी हातात देतं, चूक असेल तर स्पष्ट एरर देतं आणि नाव स्वतः एन्कोड करतं. जावाच्या इंटरनेट-ॲड्रेसमध्ये कडक आणि सैल पार्सिंग तुम्ही निवडू शकता. स्वल्पविरामावर स्वतः स्प्लिट मारणं किंवा रेगेक्स (मजकुराचा साचा) लिहिणं यांचा विचार कोणत्याच भाषेत करू नका.

ऑफिसातल्या त्या मुलीला मी सांगितलं ते असं. मेल बनवून पाठवायची असेल तर डोळे मिटून ईमेल-मेसेज आणि ‘ॲड्रेस’. आपल्याकडे नावं देवनागरीत असतात, त्यामुळे इथे दुसरा पर्याय मी देणारच नाही. आलेल्या मेलवर पत्त्यानुसार काही निर्णय घ्यायचा असेल तरी नवीच, डिफेक्ट्स तपासून. जुन्या पेटीतून नुसते पत्ते उपसून काढायचे असतील, गावभरचा कचरा असेल, तर स्ट्रिक्ट असलेलं गेट-ॲड्रेसेस पुरे. दोन्हींची भेसळ एकाच मेसेजवर नको. फॉरमॅट-ॲडरची तयार स्ट्रिंग ईमेल-मेसेजला देण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट दोन्हींना जमत नाही. मास्तरांच्या यादीत अजूनही काही खान्यांत नवऱ्याचा आणि बायकोचा असे दोन पत्ते मध्ये अर्धविराम घालून बसलेले आहेत. काही मेल-ॲप्स तसं चालवून घेतात म्हणून त्यांना ती सवय लागली. नियमांत अर्धविराम फक्त गट संपवायला आहे. मास्तरांना हे दोनदा समजावलं. “बरं बरं,” म्हणाले. यंदाच्या यादीत असे अकरा खाने आलेत, ते मी हातानेच फोडले.